हवा किती भरायची? सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर माउंटन बाईकचे टायर

(या भागाचं शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना तेच तेच आलेलं थोडं काढलंय, बाकी बोललोय तसंच ठेवलंय.)

एसटीत खिडकीशी बसून ऐकत असाल, जिममध्ये असाल, किंवा आई हाक मारतेय आणि कानात इअरफोन असल्याचा फायदा घेताय, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुम्ही बरेच दिवस मागत होता. माउंटन बाईकचे टायर. कुठले घ्यायचे, हवा किती भरायची, पंक्चर निघालं तर काय करायचं, आणि टायर लवकर खराब होऊ नयेत म्हणून काय सांभाळायचं. गिअर, सस्पेन्शन, डिस्क ब्रेक यावर आपण तास तास बोलतो. पण अख्ख्या सायकलचा जमिनीला लागणारा भाग तेवढाच, टायरचा. आणि आपण त्याच्याकडे बघतो कधी? पंक्चर झाल्यावर.

मी पण त्यातलाच होतो. म्हणून सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

जुलैतला तो रविवार

माझा मावसभाऊ मिरजेला असतो. सतरा वर्षांचा. सुट्टीला साताऱ्याला आला की सायकल बरोबर आणतो, मग आम्ही दोघं यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेला जातो. त्या दिवशी रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली होती. निघताना त्यानं विचारलं, "दादा, हवा किती भरू?"

मी म्हटलं, "टाईट भर. टाईट असली की पंक्चर होत नाही."

आणि पंप मीच हातात घेतला. काटा ६० पीएसआयवर गेला तेव्हा थांबलो. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त ६५ असं छापलेलं होतं, त्यामुळं आपण नियमात आहोत असं वाटलं. त्याचे टायर मिरजेच्या सपाट डांबरी रस्त्यावर दोन वर्षं पळून मधून गुळगुळीत झालेले. ते मी बघितलं होतं. बघून सोडून दिलं.

घाट चढलो, चहा झाला, फोटो झाले. येताना मुख्य रस्ता सोडून एका वाडीकडं उतरणारी कच्ची वाट घेतली. तिथं जांभा दगड उघडा पडलेला आणि पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं शेवाळ. वळणावर त्याचं पुढचं चाक असं सुटलं, जसं कुणी खालून सतरंजी ओढली. ब्रेक जोरात दाबला नव्हता, वेगही फार नव्हता. तो खांद्यावर आपटला. कॉलर बोन मोडलं.

ऑपरेशन लागलं नाही, सहा आठवडे हात गळ्यात बांधून राहावं लागलं. तेवढ्यावर निभावलं. पण संध्याकाळी मावशीला फोन मी केला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू होतास ना रे बरोबर?"

होतो. मीच हवा भरली होती.

ऑफिसात सर्व्हर पडला की आम्ही नंतर बसून कारण शोधतो आणि लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा तसंच होऊ नये. ते सहा आठवडे मी टायरचं तेच केलं. आजचा भाग म्हणजे ते टिपण समजा.

कॅरमची सोंगटी आणि कंदी पेढा

आधी हवेचं गणित, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे.

साधं तत्त्व आहे. चाकावर जेवढं वजन येतं, त्याला हवेच्या दाबानं भागलं की टायर जमिनीला किती जागेवर टेकतो त्याचा ढोबळ अंदाज मिळतो. सायकल आणि माणूस मिळून ८५ किलो धरा. त्यातलं साधारण ४० टक्के पुढच्या चाकावर, म्हणजे ३४ किलो. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.२ किलो. भागाकार करा. येतात ८ चौरस सेंटिमीटर.

आठ चौरस सेंटिमीटर म्हणजे किती? कॅरमची एक सोंगटी. पुढच्या चाकाची सगळी पकड, ओल्या शेवाळावर, एका सोंगटीएवढ्या जागेवर.

आता तोच दाब २६ पीएसआय करा. जागा होते अठरा-एकोणीस चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपल्या साताऱ्याचा कंदी पेढा. दुपटीच्या वर! टायर तोच, सायकल तीच, खर्च शून्य. टायरची स्वतःची जाडीही थोडं वजन पेलते, त्यामुळं आकडे तंतोतंत नाहीत. पण दिशा हीच.

दुसरी गोष्ट. कडक टायर दगडावरून उसळतो. उसळला की तेवढा वेळ चाक हवेत, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळता येतं. जरा नरम टायर दगड पोटात घेतो आणि पुढं जातो. म्हणून खडबडीत वाटेवर कमी हवेचा टायर बऱ्याचदा वेगानंही चांगला पळतो. डांबरी रस्त्याची सवय असलेल्याला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

आणि "टाईट असली की पंक्चर होत नाही" याचं काय? अर्धं खरं आहे. हवा फार कमी असेल तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी, म्हणून त्याला स्नेक बाईट म्हणतात. ते टाळायला हवा पुरेशी हवी. पण काट्याला तुमच्या हवेशी काही देणंघेणं नाही. बाभळीचा काटा ६० ला पण शिरतो आणि ३० ला पण.

मग भरायची किती? ६० ते ७० किलोचा माणूस, टायर २.१ ते २.२५ इंच रुंद, आत ट्यूब. कच्च्या वाटेला पुढं २६ ते २८, मागं ३० ते ३२ पीएसआय इथून सुरुवात करा. मागं जास्त, कारण वजन मागं जास्त. वजन दहा किलोनं जास्त असेल तर दोन पीएसआय वाढवा. दिवसभर डांबरावरच जायचं असेल तर ३५ ते ४० ठीक. ट्यूबलेस असेल तर कच्च्या वाटेच्या आकड्यातून तीन-चार कमी करता येतात, कारण चिमटायला आत ट्यूबच नाही. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान-कमाल आकड्यांच्या बाहेर मात्र जायचं नाही. आणि कमाल म्हणजे "इथवर चालेल", "इथवर भरा" असा त्याचा अर्थ नाही. माझी चूक तीच होती.

मग ओळखीच्या वाटेवर जाऊन बघा. रिम दगडावर ठक्कन वाजली तर दोन पीएसआय वाढवा. सायकल टणटण उडत असेल तर दोन कमी करा. दोन-तीन फेऱ्यांत तुमचा आकडा सापडतो. तो फोनमध्ये लिहून ठेवा.

अंगठ्यानं दाबून हवा तपासायची आपली पद्धत विसरा. ३० आणि ४५ मधला फरक अंगठ्याला नीट कळत नाही. छोटा गेज घ्या, दोन वेळच्या मिसळीच्या पैशात येतो. पेट्रोल पंपावर भरत असाल तर जपून. तो कॉम्प्रेसर गाडीसाठी असतो, सायकलची ट्यूब क्षणात फुगते. थोडी थोडी मारा, मग गेज लावा. आणि तुमचा व्हॉल्व्ह कुठला ते माहीत पाहिजे. मोटरसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, पंपावर चालतो. बारीक, वरचा छोटा नट सैल करावा लागणारा असेल तर तो प्रेस्टा, त्याला पितळी अ‍ॅडॅप्टर लागतो. अगदी छोटी वस्तू आहे, सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

एकाच जिल्ह्यात दोन जमिनी

आता टायर निवडायचा कसा. यूट्यूबवर बघून टायर घेणाऱ्यांना माझं एकच म्हणणं आहे. तो माणूस कॅनडातल्या जंगलात चालवतोय. तुम्ही कुठं चालवणार ते आधी ठरवा.

आपल्याकडची गंमत बघा. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात ५०० च्या आसपास. दहापट फरक! सांगलीतही तसंच. पश्चिमेला शिराळा, चांदोलीकडं धो धो, मध्ये कृष्णाकाठची काळी माती, आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ कोरडं ठाक. त्यामुळं "सातारा-सांगलीसाठी बेस्ट टायर कुठला" असं मला विचारता तेव्हा मी उलट विचारतो, कुठल्या तालुक्यासाठी?

तीन भाग करू.

पहिला, पश्चिमेचा डोंगर. यवतेश्वर, कास, बामणोली, ठोसेघर, चाळकेवाडी. जांभा, मुरूम, सुटी खडी, आणि पावसाळ्यात शेवाळ. इथं टायरवरची बटणं महत्त्वाची. बटण टायर म्हणतो ना आपण, तीच बटणं. पुढच्या टायरला कडेची बटणं ठळक, एकमेकांपासून सुटी आणि रबर जरा नरम असलेलं घ्या. सायकल वळणावर कलते तेव्हा मधली बटणं कामाला येत नाहीत, कडेची येतात. भावाच्या टायरची कडेची बटणं अजून बरी होती, पण ६० पीएसआयनं टायर असा दगडासारखा झाला होता की ती दबून जमीन धरेनात. रुंदी २.२५ ते २.३५ चालते. तरी एक सांगून ठेवतो, ओल्या शेवाळावर जगातला कुठलाच टायर तुम्हाला हमी देत नाही. तिथं उतरून चालायचं. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, कासच्या पठारावर, फुलांच्या जागेत चाक घालायचं नाही. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण यादीत नसतं तरी घातलं नसतं. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, बटण टायरनं तो उचकटला की लवकर भरून येत नाही.

दुसरा भाग, कृष्णाकाठ. कराडपासून खाली वाळवा, पलूस, मिरज. उसाचं शिवार आणि पाणंद रस्ते. उन्हाळ्यात ही माती एवढी टणक की साधा बारीक नक्षीचा टायर मस्त पळतो, रुंदी दोन इंच पुरे. पण पाऊस झाला की काळी माती चिकट होते. बटणांत बसते, मग तिच्यावर आणखी माती बसते, आणि चाक फोर्कमध्ये घासून थांबतं. मी एकदा आष्ट्याच्या पुढं पाणंदीत असाच अडकलो. बांधावरचे एक आजोबा बघत होते. म्हणाले, "अवो, ट्रॅक्टर रुततोय हितं, तुमची सायकल काय जातीया!"

त्या आजोबांच्या ट्रॅक्टरकडंच बघा. मागच्या मोठ्या टायरला बटणं उंच आणि एकमेकांपासून लांब असतात. कशाला? चाक फिरताना माती आपोआप झटकली जावी म्हणून. सायकलचे चिखलाचे टायरही त्याच तत्त्वावर असतात, शिवाय रुंदीला थोडे कमी, म्हणजे फोर्कमध्ये माती निघून जायला जागा राहते. पण वर्षातल्या दोन-तीन महिन्यांसाठी वेगळे टायर घेण्यापेक्षा माझा सल्ला साधा आहे. काळी माती ओली असेल तर पाणंदीत जाऊ नका. त्या दिवशी डांबरानं जा. शेतकऱ्याची वाटही चाकोऱ्या पडून खराब होत नाही.

तिसरा भाग, पूर्वेचा माळ. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत, आणि मिरजेच्या बाजूला दंडोबाचा डोंगर. इथं चिखल नाही, शेवाळ नाही, पकडीचा फारसा प्रश्न नाही. इथं राजा एकच. काटा. बाभळीचा, वेड्या बाभळीचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सराटा. सराटा जमिनीवर कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतोच. इथं टायरची जाडी बघा. टायरच्या वर्णनात टीपीआय असा आकडा असतो, म्हणजे एका इंचात कापडाचे धागे किती. १२० वाला टायर हलका, लवचिक, रेसला छान. माळावर मात्र ६० किंवा त्याहून कमी धाग्यांचा जाड, दणकट टायर बरा. वजनाला थोडा जड जातो. जाऊ दे. पंक्चर काढत उन्हात बसण्यापेक्षा बरं.

नंबर वाचायला शिका

टायर घ्यायला जाण्याआधी जुन्या टायरच्या कडेवरचा एक छोटा नंबर बघा. ५४-५८४, ५०-५५९ असं काहीतरी असतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

इंचाच्या आकड्यावर विसंबू नका. मी कॉलेजला असताना माझ्या २६ च्या माउंटन बाईकसाठी दुकानातून २६ चा टायर आणला. तासभर झटापट केली, टायर रिमवर ढिला तो ढिलाच. नंतर कळलं, माझ्या सायकलला २६ × १.९५ लागतो, त्याचा व्यास ५५९. मी आणला होता २६ × १ ३/८, आपल्या साध्या लेडीज सायकलला असतो तो, व्यास ५९०. दोन्ही "सव्वीस", आणि फरक ३१ मिलिमीटरचा! माउंटन बाईकचे तीन आकडे पाठ करा. २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२.

हे ५५९ आलं कुठून, तेही मजेशीर आहे. अमेरिकेत श्विन कंपनीनं १९३३ मध्ये मुलांच्या सायकलींना फुगीर, जाड बलून टायर लावले. चाळीसेक वर्षांनी, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं त्याच जुन्या जड सायकली डोंगरावर नेऊन उतारावरून सोडायला लागली. का त्याच? तर त्यांचे टायर जाड होते आणि कमी हवेत चालत होते, म्हणून दगडधोंड्यांवर टिकत होते. माउंटन बाईकचा जन्म तिथला. म्हणजे कमी हवेचा जाड टायर आधी होता, बाकीची सायकल त्याच्याभोवती नंतर घडत गेली.

रुंदी वाढवायची असेल तर फ्रेममध्ये जागा आहे का ते बघा. टायर आणि फ्रेमच्या मध्ये सगळीकडून निदान करंगळी जायला पाहिजे. आणि कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बघून बसवा.

एकच चांगला टायर परवडत असेल तर? तो पुढं लावा. लोक उलट करतात, कारण मागचा आधी झिजतो. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, बऱ्याचदा सावरता येते. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. भावाचं झालं ते तेच. म्हणून दोन्ही सारखेच टायर असतील तर मागचा झिजल्यावर पुढचा मागं घ्या आणि नवा पुढं.

ट्यूब काय बघताय, टायर बघा

आता पंक्चर. दंडोबाला एकदा मित्राबरोबर गेलो होतो. माझ्या मागच्या चाकाचं एका सकाळी तीनदा पंक्चर. दोनदा मीच काढलं, ऐटीत. तिसऱ्यांदा पॅच संपले, सायकल ढकलत पंढरपूर रस्त्याला आलो, तिथं एक पंक्चरचं दुकान होतं. चाचांनी ट्यूब काढली, बाजूला ठेवली, आणि टायरच्या आतून एक फडकं फिरवलं. फडकं एका जागी अडकलं. सराट्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, टायरमध्ये मोडून राहिलेलं. तिन्ही पंक्चर त्याचेच. चाचा म्हणाले, "ट्यूब काय बघताय सारखी? टायर बघा की."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. टायर बसवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या शेजारी येईल असं बसवायचं. पंक्चर झालं की ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघायचं, टायरवर तेवढंच अंतर मोजायचं, काटा तिथंच कुठंतरी सापडतो. मग आतून फडकं किंवा जुना मोजा सगळीकडून फिरवायचा. नुसतं बोट फिरवू नका, काटा बोटात जातो. काटा निघाल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही.

पॅच लावताना घाई करू नका. जागा कोरडी करा, पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला की तो निघणारच. हाताला चिकटेनासं झालं की पॅच ठेवून जोरात दाबा. भोक सापडत नसेल तर पाण्याची बादली, नसेल तर ट्यूब गालाजवळ धरून फिरवा, बारीक हवासुद्धा गालाला लागते.

माळावर नेहमी जाणाऱ्यांसाठी दोन उपाय. स्वस्त उपाय, जुनी ट्यूब उभी कापून, व्हॉल्व्ह काढून टायर आणि ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखी घालायची. चाक जड होतं, पण बरेच काटे तिथंच अडतात. दुसरा उपाय ट्यूबलेस. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे हवेत. आत साधारण ८० ते १२० मिली सीलंट, म्हणजे पातळ रबराचं दूध समजा. काटा गेला की हवेबरोबर ते भोकात येतं आणि तिथंच घट्ट होतं. काटा उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, बऱ्याचदा चालायला लागता. पण मोठी चीर ते भरत नाही, म्हणून एक ट्यूब जवळ ठेवायचीच. आणि ते दूध सुकतं. आपल्या उन्हाळ्यात तर लवकर. दोन-तीन महिन्यांनी टायरची कड उघडून बघा. अनेकजण एकदा भरतात आणि विसरतात, मग म्हणतात ट्यूबलेसचा काही उपयोग नाही.

रोजची काळजी

हे पटकन सांगतो, कारण यात अवघड काही नाही.

हवा आठवड्याला एकदा, आणि डोंगरात जाण्याआधी प्रत्येक वेळी बघा. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू जातेच.

घरी आल्यावर चाक हातानं फिरवून नजर टाका. बटणांत अडकलेले खडे, काचा काढा. कडेला भेगा, फुगवटा किंवा कापडाचे धागे दिसायला लागले तर बटणं कितीही चांगली असोत, टायर बदला. बटणांच्या कडा गोल झाल्या की पकड गेली समजा, ती पूर्ण सपाट होण्याची वाट बघू नका.

सायकल उन्हात, गच्चीवर महिनोन्‌महिने ठेवू नका. रबर कडक होऊन तडकतं. आणि हवा नसलेल्या टायरवर उभी ठेवू नका, कड एकाच जागी दुमडून खराब होते.

शेवटचं. धुतल्यावर टायर काळे चकचकीत दिसावेत म्हणून कुणी डिझेल, ऑईल किंवा पॉलिश लावत असेल तर हात जोडून नको म्हणा. तेलानं रबर खराब होतं, टायर घसरतो, आणि डिस्कवर थेंब उडाला की ब्रेकही गेला. पाणी आणि ब्रश पुरे.

पुन्हा तीच वाट

भाऊ बरा झाला. मावशीनं सायकल दिवाळीपर्यंत कुलपात ठेवली होती, तेही बरोबरच होतं. कुलूप निघालं तेव्हा मी नवे टायर घेऊन मिरजेला गेलो. बसवले त्यानंच. बाण बघून, नाव व्हॉल्व्हशी जुळवून. मी फक्त बाजूला उभा राहिलो.

पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा यवतेश्वर चढलो. त्या वाटेच्या तोंडाशी तो थांबला. मला वाटलं, घाबरला असेल. त्यानं खिशातून गेज काढला, स्वतःच्या दोन्ही चाकांना लावला. २६, ३०. मग माझ्या पुढच्या चाकाशी बसला.

"दादा, तुझी ३४ आहे. काढ थोडी."

काढली. शेवाळाच्या त्या वळणावर दोघंही उतरून चाललो.

तर मंडळी, या रविवारी निघण्याआधी टायरच्या कडेवरचे आकडे एकदा वाचा आणि हवा मोजा. आणि बरोबर कुणी धाकटं असेल तर त्याचीही मोजा. तुमचं वजन, टायरची रुंदी, तालुका आणि तुम्हाला सापडलेला आकडा मला कळवा. पुढच्या एखाद्या भागात आपण आपल्या भागातल्या वाटांची हवेची यादीच करू.

भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा.